घटस्फोटाचा हुकूमनामा: जुना शोधायचा कसा आणि नवा मिळवायचा कसा

मागच्या पावसाळ्यात एक मावशी माझ्याकडे आल्या. वय साठीला टेकलेलं, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत जुने कागद. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते गेले, मागोमाग आईही गेली. घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं असं कुणीतरी सांगितल्यावर मावशींनी अर्ज केला. कार्यालयानं एकच कागद मागितला, घटस्फोटाचा हुकूमनामा. मावशींचा निकाल लागला होता १९९१ साली. "वकील म्हणाले, झालं बाई तुमचं, जा आता घरी. मी गेले घरी. कागद घ्यायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या.

तो कागद शेवटी मिळाला, पण चार खेपा घालाव्या लागल्या. मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत स्वयंसेवक म्हणून काम करते. दर महिन्याला असं कुणी ना कुणी समोर येऊन बसतं. कुणाचा निकाल झालाय पण कागद नाही. कुणाकडे कागद आहे, पण तो कोर्टाचा नाही. कुणाला अर्ज करायचाय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. जुना हुकूमनामा शोधताना ज्या गोष्टी नडतात, त्याच नवा अर्ज करताना सांभाळायच्या असतात, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते आहे. यातलं बहुतेक महाराष्ट्रापुरतं आहे. गोव्याबद्दल आणि परदेशातल्यांबद्दल त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे.

आधी कागद ओळखा

जन्माचा दाखला असतो, मृत्यूचा असतो, विवाहनोंदणीचाही असतो. घटस्फोटाचा दाखला मात्र आपल्याकडे नसतो. महापालिका, ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालय असा दाखला देत नाही. घटस्फोटाचा पुरावा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, ज्याला सगळे डिक्री म्हणतात. त्याच्यासोबत निकालपत्र असतं. न्यायाधीशांनी काय ऐकलं आणि काय मानलं ते निकालपत्रात असतं. 'अमुक तारखेला झालेला विवाह विच्छेदित करण्यात येत आहे' एवढा नेमका आदेश हुकूमनाम्यात असतो. पासपोर्ट, पेन्शन, पुनर्विवाहाची नोंदणी, व्हिसा या सगळ्यांना हुकूमनामा लागतो. नक्कल मागताना दोन्ही मागा.

आता सोडचिठ्ठीबद्दल. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत' असं लिहिलेलं, चार पंचांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का. असे कागद मी इतके पाहिले आहेत की पिशवीतून स्टॅम्पपेपरची कड दिसली तरी पोटात गोळा येतो. नोटरीला लग्न मोडायचा अधिकार नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीनं चालत आलेल्या काडीमोडीला जागा ठेवलेली आहे, हे खरं. पण आपल्या समाजात ती रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न झालं तर ते लग्न बेकायदा ठरू शकतं, आणि त्याची झळ बहुतेक वेळा दुसऱ्या बायकोला आणि तिच्या मुलांना बसते. तुमच्याकडे असाच कागद असेल तर तो फाडू नका. वेगळं राहायला लागल्याची तारीख दाखवायला त्याचा उपयोग होतो. पण अर्ज कोर्टात करावाच लागेल.

आदिवासी कुटुंबांनी इथे एक लक्षात ठेवावं. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांचे प्रश्न त्यांच्या रूढीनुसार ठरतात. आपली काडीमोड कागदोपत्री मान्य व्हावी असं वाटत असेल तर वैवाहिक दर्जा जाहीर करून मागण्याचा रस्ता आहे. बौद्ध, जैन आणि शीख मात्र हिंदू विवाह कायद्याखालीच येतात.

निकाल कुठल्या कोर्टात लागला असेल?

जुना रेकॉर्ड शोधताना निम्मा वेळ याच प्रश्नात जातो. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. मुंबई आणि पुण्यात ही न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली, बाकी शहरांत त्यानंतर हळूहळू. त्याआधी मुंबईतले हिंदू विवाहाचे खटले शहर दिवाणी न्यायालयात चालत, आणि जिल्ह्यांत दिवाणी न्यायालयात. आजही ज्या भागाला कौटुंबिक न्यायालय नाही तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. पारशी जोडप्यांचे खटले १९३६ च्या कायद्याखाली पंचांसह बसणाऱ्या विशेष विवाह न्यायालयात चालतात. आजी-आजोबांच्या काळातलं प्रकरण असेल तर ते मुंबई प्रांताच्या १९४७ च्या हिंदू घटस्फोट कायद्याखालचंही असू शकतं. १९५५ च्या आधी इथे कोर्टातून घटस्फोट होतच नव्हता, असं समजून शोध सोडू नका.

मावशींच्या बाबतीत घोटाळा झाला तो इथेच. त्यांचा अर्ज १९८७ मध्ये दिवाणी कोर्टात दाखल झाला होता. मध्येच त्या शहरात कौटुंबिक न्यायालय सुरू झालं आणि चालू प्रकरणं कायद्यानुसार तिकडे वर्ग झाली. प्रकरणाला नवा नंबर पडला. मावशींकडे होता जुना नंबर, तोही वकिलांच्या एका पोस्टकार्डावर पेन्सिलनं लिहिलेला. आम्ही दोन खेपा जुन्या कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये घातल्या. तिसऱ्या वेळी तिथल्या कारकुनानं कापडी पुठ्ठ्याची दावा नोंदवही समोर ओढली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. फिकट निळ्या शाईत लिहिलं होतं 'वर्ग', आणि पुढे तारीख. शेवटच्या रकान्यात असे शेरे असतात. नोंद बघायला मिळाली तर संपूर्ण ओळ वाचा, नुसतं नाव दिसलं की थांबू नका.

नंबर नसेल तर शोध कसा घ्यायचा

घरातूनच सुरुवात करा. वकिलांची पावती, कोर्टाचं समन्स, पोटगीच्या मनीऑर्डरची पावती, कोर्टात पैसे भरल्याचं चलन यांपैकी कशावर तरी नंबर असतो. कौटुंबिक न्यायालयात प्रकरणांना अक्षरं असतात. 'पी. ए.' म्हणजे एकतर्फी मागणीचा विवाह अर्ज, 'पी. एफ.' म्हणजे परस्पर संमतीचा. दिवाणी कोर्टात 'एच. एम. पी.' किंवा 'हिंदू विवाह अर्ज' असं लिहिलेलं सापडतं. एका कोर्टात एकाच नंबरची पाच वेगवेगळी प्रकरणं असू शकतात, म्हणून अक्षरासकट नंबर टिपून घ्या. वकील हयात नसतील तर त्यांचे ज्युनिअर किंवा कारकून शोधा. पुष्कळ वकिलांच्या डायऱ्या घरच्यांनी जपून ठेवलेल्या असतात.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं प्रकरण असेल तर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप बघा, ते फुकट आहे. राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडा. कौटुंबिक न्यायालयाची नोंद यादीत वेगळी असते, जिल्हा न्यायालयात शोधून 'सापडत नाही' म्हणू नका. पक्षकाराच्या नावानं शोधताना वर्ष द्यावं लागतं आणि नावाची किमान तीन अक्षरं. सुरुवातीला फक्त आडनाव टाका. 'प्रलंबित' ऐवजी 'निकाली' किंवा 'दोन्ही' निवडायला विसरू नका. बायकांची नावं दोनदा शोधा, एकदा सासरच्या आणि एकदा माहेरच्या आडनावानं. इंग्रजी स्पेलिंगही बदलून पाहा, कारण ज्या कारकुनानं टंकलं त्याच्या कानाला जसं आलं तसं ते असतं. प्रकरण सापडलं की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून घ्या. महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात 'एमएच' या इंग्रजी अक्षरांनी होते. पुढे कधीही या एका क्रमांकावर प्रकरण उघडतं.

निकाल कधी लागला आणि कसा, एवढं तिथे कळतं. निकालपत्र वाचायला मिळेलच असं नाही. वैवाहिक प्रकरणं बंद दरवाजाआड चालतात आणि त्यातला मजकूर छापून प्रसिद्ध करायला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नं मनाई केलेली आहे. मला हे योग्यच वाटतं. संसार मोडताना माणसं कोर्टात जे बोलतात ते गावानं वाचायचं नसतं.

संगणकावर नसलेल्या जुन्या प्रकरणासाठी प्रत्यक्ष कोर्टातच जावं लागतं. दोघांची पूर्ण नावं, लग्नाचं गाव, निकालाचं अंदाजे वर्ष आणि वकिलांचं नाव लिहून शोधासाठी अर्ज द्या. 'नव्वदच्या आसपास' म्हणण्यापेक्षा 'थोरला मुलगा पहिलीत होता ते वर्ष' असं आठवून वर्ष काढा, म्हणजे रेकॉर्डवाल्याचं काम एका वहीवर येतं. सकाळी कोर्ट उघडतानाच जा. दुपारनंतर तिथे कुणाला मान वर करायला वेळ नसतो.

नक्कल कशी काढायची

कोर्टाच्या नक्कल विभागात अर्जाचा छापील नमुना मिळतो. त्यात प्रकरणाचा नंबर, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी ते लिहायचं. वर कोर्ट फीचं तिकीट लावायचं आणि सोबत ओळखपत्राची प्रत जोडायची. तातडीची नक्कल हवी असेल तर तसा उल्लेख करून जादा फी भरता येते. फाइल अभिलेख कक्षातून वर येते, पानं मोजली जातात, पैसे भरायला सांगतात आणि काही दिवसांनी सही-शिक्क्याची नक्कल हातात पडते. पोचपावती जपून ठेवा, चौकशी तिच्यावरच्या नंबरानं होते.

नक्कल हातात आली की खिडकीपाशीच उभं राहून वाचा. नावं, लग्नाची तारीख, निकालाची तारीख, प्रत्येक पानावरचा शिक्का आणि शेवटच्या पानावर 'खरी नक्कल' हा शेरा सही-तारखेसह आहे ना, ते पाहा. नाव मूळ हुकूमनाम्यातच चुकलं असेल तर नक्कल विभाग काही करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. लेखनातली चूक कोर्ट कधीही दुरुस्त करू शकतं, वीस वर्षांनीसुद्धा.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा का, असं पुष्कळ जण विचारतात. टाकू नका, वेळ जाईल. कोर्टाच्या नियमांतून नक्कल मिळण्याची सोय असताना ती माहिती अधिकारातून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

फार जुन्या प्रकरणातले काही कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. मूळ लग्नपत्रिका, फोटो, दागिन्यांच्या पावत्या कोर्टात दिल्या असतील तर निकालानंतर अर्ज करून परत घ्या.

स्थळ आलंय, मुलगा 'घटस्फोटित' म्हणतो

ही विचारणा आई-वडील फार संकोचानं करतात. संकोच करू नका. ज्याचा घटस्फोट खरंच झालाय त्याला हुकूमनाम्याची प्रत दाखवायला दोन मिनिटं लागतात. तिऱ्हाइताला दुसऱ्याच्या प्रकरणाची नक्कल सहजी मिळत नाही. कारण सांगून, शपथपत्र देऊन कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून प्रत मुलाकडून किंवा मुलीकडूनच मागा आणि तिच्यावरचा नंबर ई-कोर्ट्सवर ताडून पाहा.

नुसतं 'निकाली' दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. अर्ज फेटाळला तरी आणि मागे घेतला तरी प्रकरण निकालीच होतं. निकालाचा प्रकार बघा. लढून झालेला घटस्फोट असेल तर अपिलाची मुदत संपली का आणि मुंबई उच्च न्यायालयात अपील पडून आहे का, तेही तपासा. ही मुदत ९० दिवसांची. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला याच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, तिथेही पाहावं लागेल. निकाल एकतर्फी असेल, म्हणजे समोरची व्यक्ती कोर्टात आलीच नसेल, तर जरा जास्त सावध राहा. समन्स मिळालंच नव्हतं असं सांगून ती व्यक्ती हुकूमनामा रद्द करून मागू शकते.

नवा अर्ज: परस्पर संमतीनं

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर हा रस्ता कमी ओरबाडणारा आहे. हिंदू विवाह कायद्यात तो १९७६ च्या दुरुस्तीनं आला, कलम १३-ब. किमान एक वर्ष वेगळं राहणं, एकत्र राहणं शक्य नसणं आणि विवाह संपवायला दोघांची मनापासून संमती असणं, एवढंच त्याला लागतं. 'वेगळं राहणं' म्हणजे वेगळं घर हवंच असं नाही. एकाच छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नातं नसेल तर ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये म्हटलं आहे. मुंबईत दोन घरं परवडत नाहीत अशा जोडप्यांना याचा मोठा आधार होतो.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीनं झालं असेल तर अर्ज १९५४ च्या त्या कायद्याच्या कलम २८ खाली करायचा. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या कायद्यात २००१ साली कलम १०-अ आलं, त्यात वेगळं राहण्याचा काळ दोन वर्षांचा लिहिलेला आहे. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याखाली कोर्टातून विवाह संपवता येतो. खुला (पत्नीच्या मागणीवरून घेतलेला घटस्फोट) किंवा मुबारत (दोघांच्या संमतीचा) झाली असेल तर वैवाहिक दर्जा जाहीर करून घेण्यासाठी कौटुंबिक न्यायालयात जाता येतं. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ च्या निकालानं रद्दबातल आहे आणि २०१९ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

अर्ज कुठे करायचा? लग्न जिथे लागलं तिथे, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे. पत्नी अर्ज करत असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही. ही शेवटची सोय २००३ मध्ये आली. त्याआधी माहेरी परतलेल्या बाईला सासरच्या गावी तारखांना जावं लागायचं. आजही कित्येकींना ही सोय ठाऊक नसते.

सोबत लागणारे कागद: विवाहनोंदणीचा दाखला, आणि तो नसेल तर लग्नपत्रिका व लग्नातला दोघांचा फोटो, दोघांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्ट आकाराचे फोटो. पोटगीचा विषय असेल तर उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र. पोटगीच्या वादात दोन्ही बाजूंनी ते द्यायचंच, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिलं आहे. अर्जातली नावं आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवा. पत्नीचं माहेरचं नावही अर्जात लिहा, 'उर्फ' म्हणून. आज लिहिलेल्या या एका शब्दामुळे तीस वर्षांनी नाव शोधणाऱ्याची एक खेप वाचेल.

फीची धास्ती बायकांनी घेऊ नये. घटस्फोट, पोटगी आणि मालमत्तेच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी महाराष्ट्र शासनाची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून नसतो, कोर्टाच्या परवानगीनं असतो. म्हणजेच स्वतः अर्ज करून स्वतः बोलता येतं.

अर्ज दाखल झाला की पहिली तारीख पडते. विवाह समुपदेशक दोघांशी एकत्र आणि वेगवेगळं बोलतात. काही जणांना ही खोली म्हणजे निव्वळ अडथळा वाटते. मला तसं वाटत नाही. बाई पहिल्यांदा एकटी, मागे भाऊ किंवा वडील उभे नसताना, स्वतःच्या तोंडानं 'हो, मला वेगळं व्हायचंय' किंवा 'नाही' म्हणते ते तिथेच. मी एकीला समुपदेशकांपुढे म्हणताना पाहिलंय, "सही माझी आहे, पण निर्णय दादाचा आहे." तो अर्ज त्या दिवशी पुढे सरकला नाही, आणि बरं झालं.

त्यानंतर कायद्यानं सहा महिने थांबायचं असतं. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर राहून संमती कायम असल्याचं सांगायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयानं १२ सप्टेंबर २०१७ च्या निकालात त्याच्या अटी सांगितल्या: पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत, पोटगी-मुलं-मालमत्ता यांचा खराखुरा निवाडा झालेला असावा आणि थांबण्यानं फक्त त्रास वाढणार असावा. पहिल्या तारखेनंतर एक आठवड्यानं माफीचा अर्ज देता येतो. निकाल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही डोक्यात असू द्या.

जोडीदार परदेशात असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सनं हजर राहण्याची परवानगी मागता येते. कुलमुखत्यारपत्र मात्र आधीपासून तयार ठेवा, तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून.

अटी लिहिताना

अर्जासोबत सहमतीच्या अटी जोडतात, कोर्टात त्यांना 'कन्सेंट टर्म्स' म्हणतात. वकील तयार मसुदा देतात आणि घाईत सही होते. मी म्हणेन, हा मसुदा घरी न्या, रात्री निवांत वाचा आणि प्रत्येक ओळीला विचारा: कोण, किती, कधीपर्यंत, आणि नाही दिलं तर?

'पती पत्नीस कायमस्वरूपी पोटगी देईल' हे वाक्य निरुपयोगी आहे. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, डिमांड ड्राफ्ट कुठल्या तारखेला कोर्टात द्यायचा ते लिहा. हप्ते असतील तर शेवटचा हप्ता संमती पुन्हा सांगायला हजर राहाल त्या दिवशी ठेवा. स्त्रीधनाची यादी वजनासकट जोडा आणि दागिने मिळाल्याची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल करा. बँकेचं संयुक्त खातं, लॉकर, गृहकर्जाचे हप्ते, गाडी यांपैकी काही मोघम ठेवू नका. घर दुसऱ्याच्या नावावर करायचं ठरलं असेल तर बक्षीसपत्राची नोंदणी हुकूमनाम्याच्या आधी उरका. पती-पत्नीतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे, आणि हुकूमनामा झाला की तुम्ही पती-पत्नी राहत नाही.

मुलांचं सगळ्यात बारकाईनं लिहा. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. दुसऱ्या पालकाची भेट कुठल्या वारी, किती वाजता, कुठून न्यायचं आणि कुठे आणून सोडायचं. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीची वाटणी. शाळेची फी, दवाखाना, पासपोर्टवरच्या सह्या, सगळं लिहा. गणपतीत मूल कुणाच्या घरी, यावरून मी कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्ही आज्यांना रडताना पाहिलं आहे. मुलाचा पोटगीचा हक्क आईनं अटींत 'सोडून दिला' तरी तो सुटत नाही, तो मुलाचा आहे. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की बदलूनही मिळतो.

पोलिसांत छळाची तक्रार असेल, पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, तर ती घटस्फोटानं आपोआप संपत नाही. ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यासाठी संमतीचं शपथपत्र कोण, कधी देणार ते अटींतच लिहा.

समोरचा तयार नसेल तर

मग हिंदू विवाह कायद्याचं कलम १३. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, गंभीर मनोविकार, संन्यास, सात वर्षं ठावठिकाणा नसणं अशी कारणं त्यात आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकलं, फार उशिरा. लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत अर्ज सहसा घेत नाहीत. 'आता पटतच नाही' हे कारण कायद्यात नाही. विवाह पार मोडला आहे एवढ्यावरून घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालय घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली वापरतं, मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालात ते सांगितलं आहे. तुमच्या जिल्ह्याच्या कोर्टाला तो अधिकार नाही.

अर्ज, समन्स, समुपदेशन, सामनेवाल्याची कैफियत (लेखी उत्तर), वादाचे मुद्दे, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद, निकाल अशी वाट असते, आणि ती वर्षानुवर्षं चालू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम पोटगीचा अर्ज द्या. क्रूरतेचा आरोप असेल तर 'खूप त्रास दिला' असं लिहू नका. तारीख, जागा, काय घडलं, कुणी पाहिलं ते लिहा. दवाखान्याचे कागद, मेसेज, शेजाऱ्यांची नावं आजच गोळा करा. आणि 'दास्ताने विरुद्ध दास्ताने' हा १९७५ चा निकाल वकिलांकडून समजून घ्या. महाराष्ट्रातल्याच एका दांपत्याचं ते प्रकरण. क्रूरता झाली असं सर्वोच्च न्यायालयानं मानलं, पण त्यानंतरही दोघं एकत्र नांदले म्हणजे पतीनं ती माफ केली, असं म्हणून घटस्फोट नाकारला. छळानंतर समेट करून परत गेला असाल तर परतल्यानंतर काय झालं तेही अर्जात आलं पाहिजे.

मारहाण चालू असेल तर घटस्फोटाच्या निकालाची वाट पाहत बसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश वेगळा मागता येतो.

निकालाच्या दिवशी आणि नंतर

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची असते. ती मागा, आणि त्याच आठवड्यात पैसे भरून आणखी तीन सही-शिक्क्याच्या नकला काढा. एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये किंवा आईकडे, एक कामासाठी. लॅमिनेट करू नका, पुढे साक्षांकनाला अडचण येते. अर्ज दाखल झाल्याचा नंबर आणि तारीखसुद्धा जपा. केंद्राच्या २०१७ च्या आदेशानुसार, आई-वडिलांपैकी कुणी हयात असताना घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला असेल तर निकाल त्यांच्यामागे लागला तरी मुलीला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दावा करता येतो.

संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. लढून मिळालेल्या हुकूमनाम्यानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. गोव्यात विवाहाची नोंद नागरी निबंधकाकडे असते. तिथे हुकूमनामा झाल्यावर मूळ विवाहनोंदीवर तसा शेरा पडलाय का, ते जाऊन पाहावं लागतं. परदेशात वापरायचा असेल तर राज्य पातळीवरच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण) किंवा, काही देशांसाठी, साक्षांकन लागतं. उलट अमेरिकेत किंवा दुबईत घेतलेला घटस्फोट इथे आपोआप मान्य होत नाही. आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर आणि दुसऱ्या जोडीदाराच्या सहभागाशिवाय दिलेला असेल तर तो इथे टिकत नाही, हे १९९१ पासून ठरलेलं आहे.

मग बाकीची कामं: पासपोर्ट, रेशनकार्ड, बँक, नाव बदलायचं असेल तर राजपत्र. नामनिर्देशन सगळ्यात आधी बदला. भविष्य निर्वाह निधी, विमा, मुदत ठेव, सोसायटीचं भागपत्र, कुठेही घटस्फोटानं नॉमिनी आपोआप बदलत नाही. मृत्युपत्र केलेलं असेल तर तेही नव्यानं करा. उत्पन्नाचं साधन नसलेल्या घटस्फोटित बाईला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, तिथेही हाच हुकूमनामा जोडायचा.

मावशींची नक्कल चौथ्या खेपेला मिळाली, सात पानांची. त्यांनी ती तिथल्या बाकावर बसून सुरुवातीपासून वाचून काढली. चौतीस वर्षांत स्वतःचा निकाल त्यांनी कधी वाचलाच नव्हता. पाचव्या पानावर त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हे बघ, इथं लिहिलंय, चूक माझी नव्हती." मग उठून नक्कल विभागाच्या खिडकीशी गेल्या आणि आणखी दोन प्रतींचा अर्ज मागितला.